"भारी" म्हणजे नेमकं काय? नव्या अल्बमवर मत कसं द्यायचं

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी उजळणी, आणि ज्यांचा आजचा डेटा संपलाय त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं "म्हणजे… म्हणजे…" थोडं कमी केलंय.

सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. मागच्या महिन्यात पहूरच्या एका पोरानं मला लिंक पाठवली. पाच ट्रॅकचा अल्बम. घरातल्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, मोबाइल आणि एका साध्या माइकवर केलेला. मी काय केलं? पहिलं गाणं वीस सेकंद ऐकलं, आगीचे तीन इमोजी टाकले, "भारी रे भावा" लिहिलं आणि परत रील बघायला लागलो.

आठ दिवसांनी तो पहूरच्या बसस्टँडवर भेटला. त्यानंच चहा सांगितला. म्हणाला, "दादा, तिसऱ्याचे शब्द कसे वाटले?"

मी म्हणालो, "एक नंबर!"

तो जरा थांबला. "तिसऱ्यात शब्दच नाहीत दादा. नुसती बासरी आहे."

चहा घशाखाली उतरेना. तर आजचा भाग त्या चहावरच आहे. नवा अल्बम आला की आपण "भारी", "बकवास", "आग लावली", "पकवलं" असं काहीतरी टाकून मोकळे होतो. पण मत कशाला म्हणायचं?

माझी साधी व्याख्या अशी: ज्याच्यापुढे "का?" असं विचारता येतं आणि उत्तर गाण्यात बोट ठेवून दाखवता येतं, ते मत. बाकी सगळा मूड. मूड असायला हरकत नाही, पण गाणं करणाऱ्याला मूडचा उपयोग होत नाही. "भारी" ऐकून त्याला बरं वाटतं, "बकवास" ऐकून वाईट वाटतं. पुढचं गाणं कसं करायचं ते दोन्हींतून कळत नाही.

व्ह्यूज म्हणजे मत का?

नाही. व्ह्यूज किती लोकांपर्यंत गाणं पोचलं ते सांगतात. आवडलं का, कुठे आवडलं, कुठे कंटाळा आला, ते सांगत नाहीत. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. मग गाणं करणारा काय करणार? मुखडा पुढे आणणार, सुरुवातीचं संगीत कापणार. म्हणजे आपण कसं ऐकतो त्यावर गाणी कशी बनतात हे ठरतं. वीस सेकंद ऐकणारे आपण वाढलो, तर वीस सेकंदांचीच गाणी मिळणार. उद्या तक्रार करायची नाही.

अल्बम म्हणजे काय, ते आधी

जुन्या तव्यावर एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची. असे अनेक तवे पुस्तकासारख्या जाड बाडात घालून विकायचे, त्याला फोटोच्या अल्बमसारखं म्हणून अल्बम म्हणायला लागले. 1948 मध्ये अमेरिकेत एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं. दोन बाजू मिळून चाळीसेक मिनिटं. पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता मोबाइल आला, तरी अल्बमची लांबी बरेचदा तिथेच घुटमळते.

चाळीस मिनिटं म्हणजे आपल्या भाषेत किती? एसटीनं पहूरहून निघालात तर जळगाव यायच्या आत एक अल्बम आरामात ऐकून होतो. नेरी आली की निम्मा झाला समजा.

आणि अल्बम क्रमानं ऐकायचा असतो. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आठवा, नाहीतर घरात ताईला, काकांना विचारा. 1998 चा. पावसाचा एकच धागा, कवितेतून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा कवितेत. त्यातलं एकच गाणं काढून रीलला लावलं तर छानच वाटतं, पण सलग ऐकल्यावर जे आभाळ भरून येतं ते येत नाही.

समीक्षा ही विलायती भानगड आहे का?

पॉप-रॉकच्या अल्बमवर लिहायची पद्धत अमेरिकेत रुजली, हे खरं. 'रोलिंग स्टोन' मासिक 1967 मध्ये निघालं. रॉबर्ट क्रिस्टगाऊ नावाचे समीक्षक 1969 पासून अल्बमना शाळेसारख्या ए, बी, सी अशा श्रेणी द्यायला लागले. 1996 मध्ये 'पिचफोर्क' आलं, ते तर 0.0 ते 10.0 असे दशांशात गुण देतं. भारतात 1993 मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघालं. म्हणजे मुंबई-दिल्लीत नसतानाही रॉकवर लिहिता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

पण मराठीत गाण्यावर रोखठोक लिहिणं त्याच्याही आधीचं. केशवराव भोळे, म्हणजे प्रभातच्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू'चे संगीतकार, 1930 च्या दशकात 'एकलव्य' या टोपणनावानं 'वसुंधरा'त गायकांवर लिहायचे. बडेबडे गवई, पण यांचं लेखन त्यांच्या नावाला नव्हे, गाण्याला धरून. ती परंपरा आपली आहे. ती फक्त शास्त्रीय संगीतापुरती राहावी आणि पॉपच्या वाट्याला नुसते इमोजी यावेत, हे बरोबर नाही.

समीक्षक चुकतात का?

चुकतात की! लेड झेपेलिनचा पहिला अल्बम 1969 मध्ये आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'नं त्याला चांगलाच झोडपला. आज तो रॉकचा पाया मानतात. 'पिचफोर्क'नं डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला आधी 6.4 दिले होते. 2021 मध्ये जुने एकोणीस अल्बम पुन्हा तपासले आणि त्याला थेट 10 दिले.

मग गुणांना अर्थ काय? थोडाच. गुण बदलतात. पण "इथे आवाज ओरडल्यासारखा वाटतो" किंवा "इथे एकच ठेका चार मिनिटं चाललाय" असं कारण लिहिलं असेल, तर पन्नास वर्षांनीही आपण गाणं लावून ते पटतं का बघू शकतो. म्हणून चुकायला घाबरू नका. कारण न देता चुकायला घाबरा.

आपल्याच मातीतलं उदाहरण

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड. 2024 मध्ये 'गुलाबी साडी', 2025 मध्ये 'शेकी'. मराठी पॉप मराठी न कळणाऱ्यांनीही नाचून घेतलं. संगीताच्या बाजूला त्याचा भाऊ जी-स्पार्क. अभिमान? शंभर टक्के. पण अभिमान म्हणजे मत नाही. तर हे माझं मत.

चांगलं काय: 'गुलाबी साडी'चा मुखडा छोटा आहे, शब्द घरात बोलतो तसे. एकदा ऐकलं की दुसऱ्या वेळी सोबत म्हणता येतं. हे सोपं दिसतं, करून बघा.

कमी काय: 'नऊवारी', 'गुलाबी साडी', 'काळी बिंदी', नुसती नावं ओळीनं वाचा. पुन्हा पुन्हा नटणं-सजणं. एकेक गाणं सुटं ऐकलं तर गोड लागतं. उद्या यांचाच दहा गाण्यांचा अल्बम करायचा म्हटलं, तर मला त्यात दुसरंही काही हवं. तांडा, गाव सोडून शहरात गेलेला पोरगा, घरची आठवण, काहीही. तुम्हाला पटणार नाही कदाचित. कारणासकट भांडा, मजा येईल.

मग ऐकायचं कसं?

तीन वेळा. पहिल्यांदा काहीच न ठरवता, सलग, क्रमानं. दुसऱ्यांदा शब्द सोडून फक्त वाद्यं. 'सैराट' घ्या: अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, आणि त्याच अल्बममध्ये 'झिंगाट'चा मिरवणुकीचा ठेका आहे. दोन्ही एका गोष्टीत का शोभतात, हा प्रश्न दुसऱ्या ऐकण्यात पडतो. तिसऱ्यांदा फक्त शब्द आणि आवाज.

मग चार ओळी लिहा. त्याला काय करायचं होतं? ते जमलं का? कुठल्या जागी जमलं, कुठल्या जागी नाही? आणि मी पुन्हा ऐकेन का? एक नियम पक्का: गाण्यावर बोला, गाणाऱ्याच्या तोंडावर, जातीवर, बोलीवर नाही. "अहिराणी आहे म्हणून गावठी" हे मत नाही, तो आपलाच न्यूनगंड आहे.

आणि ते पोरगं?

मी जळगावला जाताना त्याचा अल्बम ऐकला. जाताना एकदा, येताना दोनदा, छोटाच आहे. मग फोन केला. म्हणालो, तावडीतलं दुसरं गाणं सगळ्यात खरं वाटतं, कारण तिथे तू आवाज काढायला जात नाहीस, बोलतोस. चौथ्यात ऑटोट्यून इतका आहे की तुझाच आवाज सापडत नाही. आणि बासरी दोन मिनिटं छान, पण ती शेवटी हवी होती, मधे आल्यामुळे अल्बम तुटतो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, दुखावला.

मग म्हणाला, "चौथ्याचं पटलं. बासरीचं नाही पटलं दादा. ती मधेच पाहिजे. आजोबांची आहे ती. त्यांच्यानंतर घर तसंच तुटलं होतं मधे."

त्या संध्याकाळी मी तो अल्बम चौथ्यांदा ऐकला. बासरीपाशी आलो आणि माझं मत बदललं. पण आधी ते असावं लागतं, तेव्हाच बदलतं ना!

या आठवड्यात कुठलाही एक नवा अल्बम सलग ऐका, आणि मला चार ओळी पाठवा. इमोजी चालतील, पण पाचव्या ओळीत. भेटू पुढच्या भागात!