आज्ञावलींच्या सामायिक भांडारात काय असावे?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या कारखानदारास जकार्ड मागावरील चादरीची नक्षी संगणकावर मांडावयाची आहे, असे समजू. या कामासाठी स्लोव्हेनियातील एका संस्थेची ‘अराहवीव्ह’ ही आज्ञावली असून ती लिनक्सवर चालते. तथापि, डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या मुख्य भांडारात तिला स्थान मिळू शकत नाही. ती निरुपयोगी आहे असे नव्हे. उपयुक्तता हा तेथील पहिला निकषच नव्हे.

डेबियनची स्थापना इअन मर्डॉक यांनी १९९३ साली केली. हे भांडार स्वयंसेवक चालवितात. जुलै १९९७ मध्ये त्यांनी ‘सामाजिक करार’ संमत केला व मुक्त आज्ञावली कशास म्हणावे याची कलमे त्यास जोडली. मूळ संहिता उपलब्ध असणे, तीत बदल करून ती पुन्हा वाटण्याची मोकळीक असणे, आणि कोणत्याही व्यक्तीस वा व्यवसायास वापराची बंदी नसणे, ही त्यांतील मुख्य होत. ज्या आज्ञावलीची संहिता तिच्या मालकाजवळच राहते ती मुख्य विभागात येऊ शकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने मुक्त परवान्याखाली आज्ञावली लिहिली, पण ती चालण्यास अशी बंदिस्त आज्ञावली लागत असेल, तर तिचीही रवानगी ‘कॉन्ट्रिब’ या निराळ्या विभागात होते. हे कठोर वाटेल. परंतु मुख्य विभाग स्वयंपूर्ण राहतो तो यामुळेच. २०२२ मध्ये मतदान घेऊन यंत्रांस अपरिहार्य अशा बंदिस्त फर्मवेअरला स्थापनेच्या माध्यमात जागा देण्यात आली. ही तडजोड होय, आणि माझ्या मते योग्य तडजोड होय. कारण तिच्यावाचून कित्येक संगणकांवर प्रणाली बसविणेच दुष्कर झाले होते.

मराठी वाचकास अधिक जवळचे उदाहरण ‘लोहित’ या अक्षरवळणाचे आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेले हे टंक रेड हॅटने प्रथम जीपीएल परवान्याखाली दिले व सप्टेंबर २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. या परवान्यान्वये टंक केवळ सुटा विकता येत नाही, अन्य आज्ञावलीसह मात्र विकता येतो. डेबियनचे कलम संग्रहाचा घटक म्हणून विक्रीची मोकळीक मागते, तेवढी येथे मिळते; म्हणून प्रवेशास बाध येत नाही. मात्र दुसरा प्रश्न उरतो. एकच देवनागरी टंक असताना मराठीचे वेगळे पॅकेज हवे कशाला? महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले जातात. हिंदीतील रूपे भिन्न आहेत. दोन्ही रूपे एकाच टंकात साठविता येतात, पण मजकूर मराठी आहे हे आज्ञावलीने टंकास कळविले तरच योग्य रूप उमटते, आणि पुष्कळ आज्ञावली ते कळवीत नाहीत. दोन अक्षरांसाठी स्वतंत्र पॅकेज हे उधळपट्टीचे दिसले, तरी डेबियन व फेडोरा या दोहोंनी ते ठेवले आहे.

परवाना व गरज यांनंतर तिसरी, आणि अनुभवाने सर्वांत जड ठरणारी, बाब म्हणजे पालक. पॅकेज दाखल करणे हे एका दिवसाचे काम. त्यातील दोष वर्षानुवर्षे निस्तरावे लागतात. पालक सोडून गेला की डेबियनमध्ये पॅकेज ‘अनाथ’ ठरते आणि गंभीर दोष तसाच राहिल्यास आगामी आवृत्तीतून वगळले जाते. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या भांडारात प्रवेश फार सुलभ आहे. तेथे जुलै २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्रोरीड’ हे अनाथ पॅकेज एका अनोळखी सदस्याने दत्तक घेऊन त्यात घातक संहिता घातली. केवळ प्रवेशद्वार अरुंद केल्याने हा धोका टळतो असेही नाही. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले ‘एक्सझेड’ प्रकरण पाहावे. तेथे घात मूळ प्रकल्पातच झाला होता. दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या सहपालकाने तो केला होता. दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी-शाखेपर्यंत पोहोचली, स्थिर शाखेत मात्र गेली नाही.

म्हणूनच डेबियनच्या कामाच्या यादीत दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात: ‘हे पॅकेज कोणी करावे’ ही विनंती, आणि ‘हे मी करतो’ हा संकल्प. चादरीच्या नक्षीची एखादी मुक्त आज्ञावली उद्या तयार झाली, तर तिच्या नावे पहिली नोंद कोणीही करू शकेल. दुसरी करणारा जोवर पुढे येत नाही, तोवर पहिली नुसती यादीत पडून राहते.