धुरातील गंधक आणि डहाणूचा समुद्र

दगडी कोळशात गंधकाचा अंश असतो आणि कोळसा जळताना त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सल्फर डायऑक्साइड हा उग्र वासाचा, श्वसनमार्गाला अपायकारक वायू तयार होतो. हवेत त्याचेच पुढे आम्लात आणि सूक्ष्म सल्फेट कणांत रूपांतर होते. त्यामुळे उंच चिमणीने धूर दूरवर पांगला, तरी त्यातील गंधक मुळीच घटत नाही. ते घटवायचे तर धूर चिमणीत शिरण्यापूर्वीच धुवावा लागतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रात धूर धुण्याची यंत्रणा उभारली गेली. चिकूच्या बागांचा हा तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, त्याने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला आणि प्रदीर्घ पाठपुराव्यानंतर ती २००७ मध्ये सुरू झाली.

येथे धूर धुण्यासाठी समुद्राचेच पाणी वापरले जाते. या पाण्यात बायकार्बोनेट असल्यामुळे ते किंचित अल्कधर्मी असते, म्हणजे त्याचा सामू सुमारे ८ असतो. मनोऱ्यात पाणी वरून बरसते, वायू त्यात विरघळून त्याचे सल्फाइट बनते आणि निर्माण झालेले आम्ल बायकार्बोनेटमुळे उदासीन होते. नंतर पाण्यात हवा सोडून सल्फाइटचे सल्फेट केले जाते. समुद्राच्या दर किलोग्रॅम पाण्यात मुळातच सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असल्याने ही भर अल्प ठरते. मात्र सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन पूर्ववत न करता पाणी सोडल्यास जलचरांना धोका पोहोचतो.

समुद्रापासून दूरच्या केंद्रांत चुनखडीची पूड पाण्यात कालवून तिचा फवारा धुरावर मारतात. त्यातून जिप्सम मिळतो आणि तो सिमेंट उद्योगाला उपयोगी पडतो.

डिसेंबर २०१५ मध्ये देशभरातील औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली, पुढे मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना धूर धुण्याच्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली. तंत्र अवघड असल्याचे कारण मात्र यामागे देता येणार नाही, कारण स्थानिक जनतेचा आग्रह आणि अधिकार असलेले प्राधिकरण यांच्या बळावर डहाणूत ते प्रत्यक्षात आले आहे; तेच संरक्षण इतर केंद्रांच्या परिसरातील लोकांनाही मिळायला हवे.