मोटेलच्या खोलीत जन्मलेला कॅमेरा

फिलाडेल्फियाचा गॅरेट ब्राऊन जाहिरातपट आणि छोटे माहितीपट काढून पोट भरत होता. त्याच्याकडची कॅमेऱ्याची ट्रॉली जुनी आणि बोजड. ती हलवायची तर आधी रूळ अंथरायचे, ढकलायला माणसे लावायची. कॅमेरा खांद्यावर घेऊन पळावे, तर पडद्यावर सगळे गदागदा हलते. या दोहोंमधली वाट शोधण्यासाठी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बऱ्याच खटपटी केल्या. शेवटी एका मोटेलमध्ये खोली घेतली आणि आठवडाभर स्वतःला तिथे कोंडून घेतले. बाहेर आला तो स्टेडीकॅमचा आराखडा घेऊनच. हॉटेलातल्या झपाटलेल्या खोलीचा सगळ्यात गाजलेला चित्रपट, स्टॅनली कुब्रिकचा ‘द शायनिंग’, ज्या यंत्राशिवाय आज कल्पनेतही येत नाही, ते यंत्रही असे एका परक्या खोलीतच जन्मले.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. डोक्यावर हंडा घेऊन खडकाळ वाटेने चालणाऱ्या बाईचे पाय वरखाली होतात, पण हंड्यातले पाणी हिंदकळत नाही, कारण पायांना बसणारे धक्के तिची कंबर आणि मान पोटात घेतात. ब्राऊनने हेच काम स्प्रिंगांवर सोपवले. चालक अंगात घट्ट जाकीट घालतो. त्या जाकिटाला स्प्रिंगांचा सांधेदार हात आणि हाताच्या टोकाला एक उभा दांडा. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला बॅटरी आणि छोटा व्हिडिओ पडदा. वजन असे दोन्हीकडे वाटले गेले की संपूर्ण जोडणीचा गुरुत्वमध्य दांड्याच्या मधोमध, हाताला सहज लागेल असा येतो. मग कॅमेरा नुसत्या बोटांच्या स्पर्शाने वळतो. वजन लांबवर पसरलेले असल्यामुळे तो उगाच डुलतही नाही. चालकाला कॅमेऱ्याला डोळा लावून बसावे लागत नाही. तो खालच्या पडद्यावर चित्र पाहतो आणि मोकळा चालतो, जिने चढतो, पळतो.

या शोधाची जाहिरात म्हणून ब्राऊनने एक छोटी नमुना-फिल्म तयार केली. यंत्र मात्र कुणाला दाखवले नाही, कारण पेटंट अजून हाती यायचे होते. ती फिल्म इंग्लंडमध्ये कुब्रिकपर्यंत पोचली. कुब्रिकने टेलेक्स पाठवून तोंड भरून कौतुक केले आणि जाता जाता एक इशाराही दिला: फिल्ममध्ये दोन ठिकाणी मिळून 14 फ्रेम अशा आहेत की जमिनीवर पडलेल्या सावलीवरून जाणकार माणूस यंत्राची रचना ओळखेल. एका सेकंदात 24 फ्रेम असतात, म्हणजे हा अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ झाला. कुब्रिक सिनेमा कशा नजरेने पाहत असे, हे या एका गोष्टीवरून कळते. याच नमुना-फिल्ममध्ये ब्राऊनची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते. ते पाहूनच पुढे ‘रॉकी’मधला तो प्रसिद्ध प्रसंग सुचला. 1976 साली ‘बाउंड फॉर ग्लोरी’, ‘मॅरेथॉन मॅन’ आणि ‘रॉकी’ या तीन चित्रपटांत स्टेडीकॅम पहिल्यांदा लोकांसमोर आला. एप्रिल 1978मध्ये यंत्राला ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच महिन्यात ‘द शायनिंग’चे चित्रीकरण सुरू झाले.

‘द शायनिंग’च्या कथेचे मूळ खऱ्या हॉटेलात आहे. 1974च्या हिवाळ्याच्या तोंडावर कादंबरीकार स्टीफन किंग आणि त्यांच्या पत्नी कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात एक रात्र राहिले. हंगाम संपून हॉटेल बंद व्हायच्या बेतात होते आणि एवढ्या मोठ्या वास्तूत पाहुणे असे हे दोघेच. त्यांची खोली होती 217. कादंबरी 1977मध्ये आली, तीत झपाटलेली खोलीही 217च. चित्रपटात ती 237 झाली त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. हॉटेलच्या बाह्यदृश्यांसाठी ओरेगनमधल्या माउंट हूडवरचे टिंबरलाइन लॉज निवडले होते. तिथे 217 क्रमांकाची खोली खरोखरच आहे, आणि चित्रपट पाहून पाहुणे ती घ्यायला धजणार नाहीत अशी लॉजवाल्यांना भीती वाटली. म्हणून त्यांच्याकडे नसलेला क्रमांक निवडला. या बदलाचे गूढ अर्थ लावणाऱ्यांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे, 2012मध्ये त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला. लॉजचे म्हणणे असे की पाहुणे आज सगळ्यात जास्त मागणी 217चीच करतात.

चित्रपटातले ओव्हरलुक हॉटेल आतून मात्र कुठल्याच डोंगरावर नव्हते. ते लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उभे होते. कुब्रिक विमानप्रवास टाळत असे, त्यामुळे अमेरिकेची गोष्ट त्याने इंग्लंडमध्येच रचली. कलादिग्दर्शक रॉय वॉकर अमेरिकाभर फिरले, हॉटेलांचे ढीगभर फोटो काढले आणि त्यांतून निवडून एक हॉटेल जुळवले. दिवाणखाना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या अहवानी हॉटेलावरून, लालभडक स्वच्छतागृह ॲरिझोनातल्या एका हॉटेलावरून, गालिच्यावरची षटकोनी नक्षी डेव्हिड हिक्स यांची. दिवाणखान्याच्या उंच खिडक्यांमधून येणारा हिवाळी उजेडही बनावटच. छायालेखक जॉन अल्कॉट यांनी खिडक्यांमागे ताणलेल्या पडद्याच्या पाठीशी हजार वॅटचे सुमारे 860 दिवे लावले होते. पडद्यावर बर्फाळ, निस्तेज दिसणाऱ्या त्या जागेत प्रत्यक्षात उकाड्याने जीव नकोसा होई.

नेहमीच्या सेटची एखादी भिंत कॅमेऱ्यासाठी उघडी ठेवतात. इथे मार्गिका वळून दुसऱ्या मार्गिकांना मिळत होत्या, दारे खरोखरीच्या खोल्यांत उघडत होती. असा सेट रूळ आणि क्रेन यांच्या कामाचा नाही. कॅमेऱ्याला त्यात माणसासारखे वावरता आले पाहिजे. हॉटेल आणि यंत्र इथे एकमेकांसाठीच घडले होते असे मला वाटते.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे या हॉटेलात आईबापांबरोबर राहणाऱ्या छोट्या डॅनीची तीनचाकी. पोरगा सामसूम मार्गिकांमधून पायडल मारत सुटतो आणि कॅमेरा त्याच्या मागे, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. ब्राऊनने यंत्र उलटे करून कॅमेरा खाली आणला होता. पळत पाठलाग करून पाहिला, पण दम टिकेना. तेव्हा कुब्रिककडे आधीपासून असलेली, चित्रीकरणासाठीच बनवून घेतलेली चाकाची खुर्ची कामी आली. तिच्यावर ब्राऊन, त्याचे यंत्र आणि शिवाय ध्वनिमुद्रक असा सगळा बारदाना चढला. एकदा तर वजनाने टायरच फुटला. मग भरीव टायर बसवले.

या दृश्यात दिसते त्याहून ऐकू येते ते जास्त मोलाचे आहे. चाके लाकडी फरशीवर आली की घरघराट, गालिच्यावर चढली की एकदम शांतता, पुन्हा घरघराट. संगीताची गरजच उरत नाही. जमिनीलगत राहून, एकही हिसका न देता, श्वासाचा मागमूसही न लागू देता काहीतरी त्याच्या मागून येत राहते. खांद्यावरच्या कॅमेऱ्याने हे साधले नसते. त्याच्या हलण्यात एक माणूस जाणवतो आणि माणूस जाणवला की धीर येतो. रुळांवरची ट्रॉली सरळ रेषेत जाते, तिची चाल आपल्याला आधीच कळते. स्टेडीकॅम या दोन्हींसारखा नाही. तो माणसासारखा कोपऱ्यावर वळतो, पण माणसासारखा थकत नाही. ‘द शायनिंग’मधले खरे भूत हेच, आणि ते सगळ्यात आधी दिसते एका लहान मुलाच्या पाठीशी.

ती भूमिका करणाऱ्या डॅनी लॉइडला आपण भयपटात काम करतो आहोत हे कळूच दिले नव्हते. बोट वाकवून डॅनीच्या काल्पनिक मित्राचा, ‘टोनी’चा, आवाज काढायची लकब त्याची स्वतःची, निवड-चाचणीत त्याला आपोआप सुचलेली.

हेज-मेझ, म्हणजे कुंपणाच्या झाडांचा भुलभुलैया, कादंबरीत नाही. तिथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपे जिवंत होतात, आणि ती पडद्यावर पटण्याजोगी दाखवणे त्या काळच्या तंत्राला अवघड होते. म्हणून भुलभुलैया आला. प्लायवूडच्या भिंतींवर फांद्या ठोकून तो उभारला. शेवटच्या पाठलागासाठी त्यात बर्फ म्हणून मीठ आणि चुरलेले थर्मोकोल पसरले, वर तेलाच्या धुराचे धुके सोडले. त्यात काम करणारेही वाट चुकत. मिठात चालणे कष्टाचे, धुरात श्वास घेणे त्याहून कष्टाचे. अशा जागी ब्राऊनला यंत्र अंगावर चढवून पळायचे होते.

त्यातली सगळ्यात विलक्षण करामत पडद्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही. डॅनी बापाला चकवण्यासाठी आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत मागे येतो. बर्फात उमटलेल्या त्या पावलांवरून कॅमेरा पुढे जाताना ब्राऊनचे मोठे बूट ठसे बिघडवणार हे उघड होते. म्हणून त्याच्यासाठी लाकडी उंच टाचांसारखे ठोकळे केले आणि त्यांच्या तळाला डॅनीच्या मापाचे बूट ठोकले. बर्फाच्या सोंगावर, पोराच्या इवल्या पावलांत पाय ठेवत, अंगावर कॅमेरा घेऊन तोल सांभाळणारा हा माणूस चित्रपटाच्या एकाही चौकटीत दिसत नाही. एखाद्या चालकाच्या एवढ्या सचोटीबद्दल मी क्वचितच वाचले आहे.

कुब्रिकच्या असंख्य टेकची कीर्ती मोठी आहे. ब्राऊनने ती शाळा मानली. त्याला चौकटीचा मध्यबिंदू पात्राच्या एका नाकपुडीवर धरून ठेवायला सांगितले जाई, आणि इतक्या वेळा करून पाहिल्यावरच आपल्या यंत्राची पुरी ताकद आपल्याला कळली असे त्याने नंतर लिहिले आहे. या हट्टाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. डॅनीच्या आईचे, वेंडीचे, काम करणाऱ्या शेली डुव्हालला महिनोन् महिने रोज रडत, घाबरत राहावे लागले. कुब्रिकची मुलगी व्हिव्हियनने सेटवर चित्रित केलेल्या माहितीपटात तो तिच्याशी किती कठोर वागत होता हे स्पष्ट दिसते. कलेच्या नावाखाली ते खपवून घ्यावे असे मला वाटत नाही. त्यावर कडी म्हणजे चित्रपट आल्यावर ‘वाईट अभिनया’च्या पुरस्काराचे नामांकन तिच्याच वाट्याला आले. ते 2022मध्ये मागे घेण्यात आले, म्हणजे 40 वर्षांहून अधिक काळाने. जुलै 2024मध्ये ती गेली. तिचे काम आज पाहिले तर संपूर्ण चित्रपटात खरी भीती तिच्याच चेहऱ्यावर आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. 1979च्या सुरुवातीला सेटला आग लागून दिवाणखाना जळून खाक झाला आणि पुन्हा बांधावा लागला. लिफ्टमधून रक्ताचा लोंढा येण्याच्या दृश्याची जुळवाजुळव कित्येक महिने चालली. जाहिरातीच्या झलकीत रक्त दाखवायला मनाई होती, तेव्हा हे गंजलेले पाणी आहे असे सांगून ती झलक मंजूर करून घेतली. कुऱ्हाडीच्या दृश्यात बापाचे काम करणाऱ्या जॅक निकल्सनने सेटवरचे खोटे दार चुटकीसरशी फोडले, कारण त्याने पूर्वी अग्निशमनाचे काम केले होते. मग खरे भक्कम दार आणले. हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या सुरुवातीच्या दृश्यांतली उरलेली फिल्म 1982च्या ‘ब्लेड रनर’च्या शेवटाला वापरली गेली.

23 मे 1980 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी या चित्रपटाची फारशी कदर केली नाही. ऑस्करचे एकही नामांकन त्याला मिळाले नाही. स्वतः किंगना तो कधीच रुचला नाही. 1997मध्ये त्यांनी आपल्या मनासारखी दूरदर्शन मालिका केली, तीही एस्टेस पार्कच्या त्याच स्टॅनली हॉटेलात. 2018मध्ये ‘द शायनिंग’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

तुम्ही हा चित्रपट पाहिला नसेल तर फोनच्या पडद्यावर पाहू नका. मोठा पडदा आणि बरे स्पीकर मिळतील तेव्हा, रात्री पाहा. पाहिला असेल तर पुन्हा एकदा केवळ त्या तीनचाकीसाठी पाहा, आणि शेवटी नामावलीत गॅरेट ब्राऊन हे नाव येईपर्यंत उठू नका.