ब्रिटनमध्ये गाडीचा कर थकला आणि थेट कोर्टाचा दंड आला? २१ दिवसांत काय करायचे, जाणून घ्या

शिक्षण आणि नोकरीसाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी तरुणांची तिथली पहिली मोठी खरेदी अनेकदा सेकंडहँड गाडी असते. गाडी मिळते, विमाही निघतो, पण वाहन कर भरायचा राहून जातो. काही महिन्यांनी दारात कोर्टाचे पत्र पडते. त्यात दोषी ठरवल्याची नोंद असते आणि दंडाची रक्कम असते. सुनावणी कधी झाली हेही संबंधिताला ठाऊक नसते. असे का होते, पत्र आल्यावर नेमके काय करायचे आणि या दंडाचा व्हिसावर परिणाम होतो का, ते पाहूया.

मराठी माणसाची गफलत नेमकी कुठे होते?

महाराष्ट्रात खासगी दुचाकी किंवा मोटार घेताना आरटीओत ‘वन टाइम टॅक्स’ भरला जातो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तरी नव्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. त्यामुळे ‘गाडीचा टॅक्स भरलेला आहे’ हे वाक्य आपल्याकडे कायमचे असते.

ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे कर ठरावीक मुदतीसाठी असतो आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. विक्रेत्याने डीव्हीएलएला, म्हणजे वेल्समधील स्वान्सी येथील चालक व वाहन परवाना संस्थेला, विक्री कळवली की त्याचा कर रद्द होतो. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत मिळतात. खरेदीदाराने गाडी रस्त्यावर आणण्याआधी स्वतःच्या नावाने कर भरायचा असतो. विक्रेता ‘मार्चपर्यंत टॅक्स आहे’ म्हणाला, तरी तो त्याच्यापुरता असतो.

त्याच दिवसापासून काचेवर लावायची कागदी टॅक्स डिस्कही बंद झाली. त्यामुळे गाडीकडे पाहून काही कळत नाही. नोंद फक्त संगणकात असते आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे ती क्षणात तपासतात.

गाडी नुसती उभी असेल तरी कर लागतो का?

हो. गाडी रस्त्यावर चालवली नाही तरी नोंदणीकृत धारकावर दोनपैकी एक गोष्ट करण्याची जबाबदारी असते. एक तर कर भरा, नाहीतर गाडी रस्त्यावर नाही असे जाहीर करा. या जाहीरनाम्याला तिथे ‘सॉर्न’ म्हणतात. तो मोफत आहे, पण त्यानंतर गाडी खासगी जागेत किंवा गॅरेजमध्येच ठेवावी लागते. घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर उभी केलेली चालत नाही. आधी वेळ घेतलेल्या एमओटी तपासणीसाठी नेणे हा अपवाद आहे.

कर शून्य असलेल्या गाडीसाठीही नोंद करावीच लागते. इलेक्ट्रिक गाड्यांना कर नाही, हा समजही आता जुना झाला आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्यांनाही कर लागू झाला आहे.

प्रकरण कोर्टापर्यंत कसे पोहोचते?

पहिले पत्र सहसा डीव्हीएलएचे असते. कर न भरल्याबद्दल ८० पौंडांचा दंड लागतो आणि ३३ दिवसांत भरल्यास तो निम्मा, म्हणजे ४० पौंड होतो. कर नसलेली गाडी रस्त्यावर सापडली, तर तडजोडीचे पत्र येऊ शकते. त्यातली रक्कम ३० पौंड अधिक थकलेल्या कराच्या दीडपट अशी काढतात. समजा ४० पौंड कर थकला असेल, तर ३० अधिक ६० असे ९० पौंड होतात. या टप्प्यावर पैसे भरले तर प्रकरण कोर्टाबाहेरच मिटते.

गाडीला जॅमरही लागू शकतो. तो काढायला २४ तासांच्या आत १०० पौंड लागतात. गाडी उचलून नेली, तर २०० पौंड आणि शिवाय ठेवण्याचे रोजचे २१ पौंड मोजावे लागतात.

पत्रांना उत्तर गेले नाही की डीव्हीएलए खटला दाखल करू शकते. १९९४ च्या वाहन कर व नोंदणी कायद्यानुसार कमाल दंड १,००० पौंड किंवा वार्षिक कराच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. ‘सॉर्न’ जाहीर करूनही गाडी रस्त्यावर चालवली, तर ही मर्यादा २,५०० पौंडांपर्यंत जाते.

सुनावणी न होताच दंड कसा होतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’ आहे. २०१५ च्या कायद्याने ती आली. एक दंडाधिकारी कायदेविषयक सल्लागाराच्या मदतीने फक्त कागदपत्रे पाहून निर्णय देतो. कोणी हजर राहत नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची न्यायव्यवस्था वेगळी असल्याने तिथे ही पद्धत लागू नाही.

सुरुवातीला घरी नोटीस येते. ती पाठवल्याच्या तारखेपासून उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. गुन्हा मान्य, गुन्हा मान्य पण कोर्टात येऊन बाजू मांडायची आहे, किंवा गुन्हा अमान्य, असे तीन पर्याय असतात. अमान्य म्हटल्यास नेहमीच्या कोर्टात सुनावणी होते. काहीच उत्तर आले नाही, तर दंडाधिकारी उपलब्ध कागदांवर निकाल देतो.

नोटीस डीव्हीएलएच्या नोंदीतल्या पत्त्यावर जाते. समजा, पुण्याहून गेलेल्या विद्यार्थिनीने लीसेस्टरमधील खोली सोडून कॉव्हेंट्रीत नोकरी धरली आणि गाडीच्या कागदावरचा पत्ता बदलला नाही. मग सगळी पत्रे जुन्या खोलीवर पडत राहतात. तिला कळते ते थेट वसुली सुरू झाल्यावर. पत्ता न कळवणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यालाही १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

नोटीस वेळेत मिळाली तर?

पहिली गोष्ट म्हणजे उत्तर द्या. चूक झालीच असेल, तर लवकर कबुली दिल्याने दंडात एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. उत्तरासोबत उत्पन्न आणि खर्चाचा फॉर्म भरा. दंड उत्पन्न पाहून ठरतो आणि माहिती दिली नाही तर कोर्ट एक ठरावीक उत्पन्न गृहीत धरते. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो अंदाज महागात पडू शकतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. आजारपण, बंद झालेले बँक खाते, चुकलेला डायरेक्ट डेबिट अशी कारणे कोर्टाला कळवली म्हणजे ती डीव्हीएलएलाही कळतात असे नाही. कागदोपत्री चालणाऱ्या या पद्धतीत खटला भरणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी समोर नसतो, आणि या पद्धतीवरचा हा मोठा आक्षेप आहे. खटला मागे घेण्याचा निर्णय मात्र डीव्हीएलएच घेऊ शकते. म्हणून तेच कारण पुराव्यासह डीव्हीएलएला वेगळे लिहून पाठवावे.

गाडी आधीच विकली असेल, तर विक्रीची तारीख, पैशांचा व्यवहार आणि डीव्हीएलएला कळवल्याचा पुरावा जोडावा. विक्री कळवल्यावर पोच येते. ती चार आठवड्यांत आली नाही, तर पाठपुरावा करणे विक्रेत्याचे काम असते.

नोटीस मिळालीच नाही आणि थेट दंड आला तर?

अशा वेळी ‘स्टॅट्युटरी डिक्लरेशन’ हा मार्ग आहे. ‘माझ्यावर खटला सुरू आहे हे मला माहीत नव्हते’ असे शपथेवर सांगायचे असते. निकाल कळल्यापासून २१ दिवसांत हे करावे लागते. मुदत उलटली तरी सबळ कारण असल्यास कोर्ट ते स्वीकारू शकते. डिक्लरेशन कोर्टात किंवा सॉलिसिटरसमोर करता येते.

ते स्वीकारले की आधीची शिक्षा रद्द होते आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याचा अर्थ सुटका झाली असा नाही. पुन्हा नोटीस येते आणि पुन्हा उत्तर द्यावे लागते. मात्र या वेळी बाजू मांडायची संधी मिळते. नोटीस मिळाली असताना खोटे डिक्लरेशन करणे हा मूळ प्रकरणापेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे.

नोटीस मिळाली होती, पण निकाल चुकीचा वाटतो, असे असेल तर क्राउन कोर्टात अपील करता येते. त्याची मुदत साधारण १५ कामकाजी दिवसांची आहे.

पत्रातली रक्कम इतकी मोठी का दिसते?

कारण त्यात एकट्या दंडाचे पैसे नसतात. दंडाच्या ४० टक्के सरचार्ज, खटल्याचा खर्च आणि थकलेला कर हे सगळे त्यात धरलेले असते. समजा दंड २०० पौंड असेल, तर सरचार्जच ८० पौंड होतो.

एकदम भरणे शक्य नसेल, तर पत्रावरच्या दंड कार्यालयाशी मुदतीच्या आत संपर्क साधून हप्ते मागता येतात. गप्प राहिल्यास पगारातून कपात होऊ शकते किंवा वसुली अधिकारी दारात येऊन त्यांची फीही लावतात. ऐपत असून जाणूनबुजून टाळाटाळ केल्यास तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

कोर्टाचा दंड भरला म्हणजे गाडीचा कर भरला, असे मात्र होत नाही. पुढचा कर वेगळा भरावा लागतो किंवा ‘सॉर्न’ करावे लागते. नाहीतर काही आठवड्यांत नवे पत्र येते.

व्हिसावर परिणाम होतो का?

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने खरी काळजी इथे आहे. डीव्हीएलएचा दंड वेळेत भरला, तर ती शिक्षा ठरत नाही. कोर्टाने दंड केला, तर मात्र तो दोषसिद्धी ठरतो. या गुन्ह्याला लायसन्सवर पेनल्टी पॉइंट लागत नाहीत, म्हणून अनेकजण तो विसरूनही जातात.

व्हिसा मुदतवाढ, कायम वास्तव्य किंवा नागरिकत्वाच्या अर्जात दोषसिद्धीबद्दल विचारले जाते. इतर कामांसाठी असा दंड वर्षभरानंतर ‘स्पेंट’, म्हणजे जुना झाला असे मानतात. इमिग्रेशनच्या अर्जांना ती सवलत लागू नाही. एकदाच झालेल्या लहान दंडापेक्षा तो लपवणे जास्त अडचणीचे ठरू शकते. अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारलेले बरे. दंडाच्या पत्रांबाबत ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेकडे मोफत मार्गदर्शन मिळते.

गाडी घेतानाच काय पाहावे?

- गाडीचा नंबर टाकून कर आणि एमओटीची स्थिती सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येते.
- विक्रेत्याकडून नव्या धारकाची हिरवी स्लिप घ्या. तिच्यावरील १२ अंकी क्रमांकाने त्याच दिवशी कर भरता येतो.
- डायरेक्ट डेबिट ठेवलात, तर बँक बदलताना तो नव्या खात्यावर सुरू झाल्याची खात्री करा.
- घर बदलले की लायसन्स आणि गाडीचे लॉगबुक या दोन्हींवरचा पत्ता वेगवेगळा बदलावा लागतो. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही.
- ‘कर थकला आहे, या लिंकवर भरा’ अशा मेसेजमधील लिंक उघडू नका. थकबाकी सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन तपासा.
- भारतात परतताना गाडी मित्राला दिली, तरी बदल डीव्हीएलएला कळवा. नोंदीत तुमचे नाव आहे तोवर पत्रे तुमच्याच नावाने निघतात.