गालिमोटो

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक लहानसा देश आहे. तेथील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात व मक्याची शेती करतात. दुकानातील खेळणी विकत घेण्याइतका पैसा फारच थोड्या घरी असतो. पण म्हणून तेथील मुले खेळण्यांवाचून राहतात असे नाही. आपली खेळणी ती आपल्याच हातांनी घडवितात.

या खेळण्यांत मानाचे स्थान गालिमोटोचे. चिचेवा भाषेत गालिमोटो म्हणजे मोटार. मुले जुन्या तारेचे तुकडे गोळा करतात आणि ते वाकवून, पीळ देऊन गाडीचा सांगाडा तयार करतात. बाटल्यांची बुचे, डब्यांची झाकणे किंवा जुन्या रबरी चपलांतून कापलेल्या चकत्या ही तिची चाके. पुढच्या आसाला जोडलेली एक लांब तार मुलाच्या हातापर्यंत येते. तिच्या टोकाशी वाटोळी कडी असते. ती फिरविली की आस वळतो आणि गाडी खडे चुकवीत धावू लागते. आस तिरपा बसला तर गाडी एका बाजूस ओढते. चाक घट्ट झाले तर ती अडते. मग सारे सोडवून पुन्हा जुळवावे लागते.

टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या एकीत एक कोंबून वर दोरी गुंडाळली की फुटबॉल तयार होतो. बावो या बैठ्या खेळास तर जमीनच पुरते. तीत चार ओळींत आठ-आठ खळगे करावयाचे व 64 बिया घ्यावयाच्या. उचललेल्या बिया कोठे संपतील, याचा हिशेब मात्र मनातल्या मनात करावा लागतो.

विल्यम काम्क्वाम्बा हा लहानपणी अशाच गाड्या करणारा मुलगा. 2001-02 च्या दुष्काळात घरी खाण्याची भ्रांत पडली. फी भरता न आल्यामुळे त्याची शाळा सुटली. तेव्हा तो गावच्या ग्रंथालयात जाऊ लागला. तेथील एका पुस्तकात त्याने पवनचक्कीचे चित्र पाहिले. मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा, प्लॅस्टिकचे नळ व निलगिरीचे वासे जमवून 2002 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने पवनचक्की उभारली. घरात विजेचा दिवा लागला! पुढे इतरांच्या साहाय्याने तो पुन्हा शाळेत गेला आणि 2014 साली पदवीधर झाला.

टाकाऊ वस्तूंतून उपयोगी वस्तू घडविण्याची सवय त्याच्या हातांना खेळातच लागली होती. वाऱ्यापासून वीज कशी होते, हे मात्र त्याला पुस्तकाने सांगितले. तारेची गाडी करणारे कुशल हात मलावीच्या खेड्याखेड्यांत आहेत. त्या प्रत्येक हाती पुस्तक पोचले पाहिजे.