श्वाननियंत्रण, नागरी
बेवारस कुत्र्यांची संख्या व अलर्क रोग (रेबीज) आटोक्यात ठेवण्याचे नगरसंस्थेचे कार्य. पूर्वी कुत्री मारीत. मुंबईत १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाजात दंगा उसळला. केंद्रीय नियमांनी (२००१, सुधारित २०२३) निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडणे विहित केले. शाळा, रुग्णालये इ. आवारांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याला अपवाद केला. रिकाम्या जागी बाहेरची कुत्री शिरतात, हे या पद्धतीमागील कारण होय. खर्चाची तरतूद आयुक्तांच्या अंदाजपत्रकातून स्थायी समितीमार्फत सर्वसाधारण सभेपुढे येते. तीत एक वर्ष कपात झाली, तरी आधीचे काम वाया जाऊ लागते. ठाणे (१९८२) व कल्याण-डोंबिवली (१९८३) या महानगरपालिकांच्या हद्दी शीळफाट्याच्या परिसरात जवळ येतात. तेथे एकीच्या काटकसरीचा भार दुसरीवर पडतो. कुत्र्यांना हद्द ठाऊक नसते.