ऊर्जेच्या हिशेबांतील मापांची गफलत

इमारतीस वर्षाकाठीं किती वीज लागेल व तिला थंड ठेवणारें यंत्र केवढें बसवावें, याचा हिशेब आतां संगणकावर होतो. त्यासाठीं एनर्जीप्लससारखें सॉफ्टवेअर वापरण्यांत येतें. त्याचें गणित सहसा चुकत नाहीं. चुकतें तें त्यास पुरविलेलें माप. मुंबई-पुण्याकडे जागा चौरस फुटांत सांगतात, थंडाव्याचें यंत्र टनांत मागवितात आणि वीज युनिटांत मोजतात. एनर्जीप्लसमध्यें मात्र मापें मीटर, वॉट, सेल्सिअस अशींच द्यावीं लागतात व ऊर्जेचें उत्तर मूळांत ज्यूलमध्यें येतें. घोटाळा होतो तो या अदलाबदलींत. आणि सॉफ्टवेअर बहुधा चकार शब्द काढीत नाहीं, कारण त्याच्या लेखीं आकडा तो आकडाच.

म्हणून संगणकाचें उत्तर पाहण्यापूर्वीं कागदावर ढोबळ त्रैराशिक मांडून ठेवावें. समजा, एका कचेरीचें क्षेत्रफळ १०,००० चौरस फूट, म्हणजे ९२९ चौरस मीटर आहे. दर चौरस फुटास १ वॉट याप्रमाणें दिवे १० किलोवॉटचे झाले. ते रोज १० तास, वर्षांतून ३०० दिवस जळले, तर ३०,००० युनिटें खर्च झालीं. आतां संगणकानें २,७८७ युनिटें सांगितलीं, तर नुसतें 'कमी आलें' म्हणून स्वस्थ बसूं नये. मोठ्या आकड्यास लहानानें भागावें. भागाकार १०.७६ येतो, आणि एका चौरस मीटरांत चौरस फूटही तितकेच असतात. चोर सांपडला! दर चौरस फुटाचा '१' हा चौरस मीटरच्या रकान्यांत लिहिला गेला.

ही चूक विजेच्या बिलापुरती राहत नाहीं. दिव्यांची उष्णता अखेर खोलींतच उतरते. तींतील सुमारें ९ किलोवॉट हिशेबांतून निसटले, म्हणजे यंत्र अडीच टनांनीं तोकडें ठरलें. मे महिन्यांत त्याचें प्रायश्चित्त तेथें बसणाऱ्या कारकुनांनीं घ्यावयाचें. (हा टन वजनाचा नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळविणारी उष्णता, म्हणजे ३.५१७ किलोवॉट, असा त्याचा अर्थ.)

भागाकार ३६,००,००० आला तर ज्यूलांस युनिटें समजलें गेलें, ३.६ आला तर मेगाज्यूलांस. ३.५२ दिसला कीं टन व किलोवॉट यांची अदलाबदल झाली असें मानावें. ४ आला, तर पाव-पाव तासाच्या सरासरी किलोवॉटांची बेरीज कोणी तरी तशीच युनिटें म्हणून लिहिली असण्याचा संभव फार.

उष्णमानाची चूक मात्र भागाकारानें पकडतां येत नाहीं, कारण फॅरनहाइट व सेल्सिअस यांचीं शून्यें निराळीं. थंडाव्याची मर्यादा ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें २४ अंश सेल्सिअस, असतां तेथें ७५ च लिहिलें, तर खोली भट्टी झाली तरी संगणकांतील यंत्र सुरू होत नाहीं. खर्च शून्य दिसतो, आणि मालक खूष होतो!

सर्वांत फसवी चूक नकाशाची. मिलिमीटरांत काढलेला नकाशा मीटर म्हणून वाचला गेला, तर ३ मीटर उंचीची खोली ३ किलोमीटर उंच होते. लांबी हजारपट, क्षेत्रफळ दहा लाखपट, घनफळ एक अब्जपट. तरीही दर चौरस मीटरमागें दिव्यांचा खर्च अगदीं बरोबर येतो, कारण खर्च व क्षेत्रफळ दोन्ही सारख्याच पटीनें फुगलेलीं असतात! फटींतून येणारी हवा जर 'तासांत इतक्या वेळां' अशी दिली असेल, तर ती घनफळाबरोबर वाढते व दर चौरस मीटरमागेंही हजारपट होते. म्हणून नुसता दर न पाहतां एकूण क्षेत्रफळ व घनफळ मूळ नकाशाशीं ताडून पाहावें.

दोष सांपडला कीं तो जेथें शिरला त्याच रकान्यांत दुरुस्त करावा. अखेरच्या उत्तरास १०.७६ नें गुणून मोकळें होण्याचा मोह पुष्कळांस पडतो. त्यानें दिव्यांचा आकडा सुधारतो, परंतु यंत्र तोकडें तें तोकडेंच राहतें. एका वेळीं एकच आकडा बदलावा, हिशेब पुन्हा चालवावा, आणि कागदावरील ३०,००० शीं उत्तर जुळतें कीं नाहीं तें पाहूनच पुढच्या रकान्याकडे वळावें.